"लय भारी" म्हणजे शेरा न्हवं: क्राफ्ट बियर चाखायला आणि चाखलेलं सांगायला शिकणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

माझ्या बियरच्या वहीचं पहिलं पान मी अजून फाडलेलं नाही. पुण्यात मेव्हण्यासोबत एका ब्रूपबमध्ये, म्हणजे जिथं बियर तिथंच बनवून तिथंच देतात असल्या बारमध्ये, गेलेलो, त्यांनी लाकडी फळीवर चार बारके ग्लास आणून ठेवले आणि मी खिशातली वही काढून ऐटीत शेरे मारले. एक नंबर: लय भारी. दोन: भारी. तीन: लय भारी पण कडू. चार: नाद खुळा. महिन्याभरानं मेव्हण्याचा फोन, परत आलोय हितं, तुम्हाला आवडलेली कुठली होती सांगा, आणि मी वही उघडून बसलोय, काय सांगणार, चारीच्या चारी भारी.

आता गंमत बघा, हाच माणूस मिसळीच्या कटावर अर्धा तास भांडू शकतो. ह्याच्या कटात खोबरं जास्त भाजलंय, त्याच्यात आलं पुढं येतंय, तिसऱ्याची तर्री नुसती रंगाला आहे. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभारलं की एका घोटात सांगतोय आज म्हशीला काय घातलंय ते. म्हणजे जीभ तयार आहे, शब्द पण तयार आहेत, फक्त बियर समोर आली की आपण ते सगळे शब्द घरात ठेवून येतो आणि "स्मूथ आहे यार" असलं काहीतरी बोलतो. हा सगळा लेख एवढ्याच दुखण्यावर आहे.

आधी कटकटीचं उरकून घेऊ

महाराष्ट्रात माइल्ड बियर (म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोलवाली) आणि वाईनला वय २१ पूर्ण लागतं, त्यापुढच्या मालाला २५, आणि प्यायचा परमिट लागतो, तो काढा. क्राफ्टमध्ये ५ टक्क्यांच्या वरच्या बियरी सहज येतात, त्यामुळं आमच्या चाखायच्या बैठकीला सगळे पंचविशीच्या पुढचेच, डोक्याला ताप नाही. ड्राय डे बघून तारीख ठरवा, ऐनवेळी पळापळ नको. रंकाळ्यावर, गाडीच्या बॉनेटवर, गडावर असलं काही करायचं नाही, गडावर तर लाज पण वाटली पाहिजे. आणि गाडी. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची हद्द आहे, त्यापुढं सापडला तर पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. "मी फक्त चाखली" हे तिथं चालत नाही. ज्यानं चाखली त्यानं रिक्षानं जायचं, विषय संपला. औषधं चालू आहेत, पोटात बाळ आहे, किंवा नुसतं मन नाही, तर ग्लासाला हात लावायचा नाही आणि बाकीच्यांनी आग्रह करायचा नाही, ही जेवणाची पंगत न्हवं.

क्राफ्ट म्हणजे काय, दोन मिनिटांत

बियर म्हणजे पाणी, मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. जर्मनीत बव्हेरियामध्ये १५१६ साली कायदाच केला की बियरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच घालायचं, यीस्टचं नावच नव्हतं त्यात, कारण तोवर ते काय असतं कुणाला ठाऊक होतं. क्राफ्टवाले थोड्या थोड्या प्रमाणात बनवतात आणि चव पुढं आणायच्या मागं असतात. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे पुणं, तिथं डूलालीनं २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी, म्हणजे बियर बनवायचा छोटा कारखाना, काढली आणि पुढं त्या गावात बियरची चर्चाच बदलून गेली. कोल्हापुरातनं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, हायवे नीट असला तर चार-साडेचार तास. पण दर वेळी पुण्याला जायची गरज नाही, बाटली-कॅनमध्ये मिळतंय त्यावर सुद्धा झकास शिकता येतं.

दोन घराणी ध्यानात ठेवा. एल आणि लागर. एलचं यीस्ट उबेत काम करतं, साधारण १५ ते २४ डिग्रीत, आणि फळाचे, मसाल्याचे वास सोडतं. लागरचं यीस्ट थंडीत, ७ ते १३ डिग्रीत, निवांत काम करतं, म्हणून लागर स्वच्छ लागते. आपण कॉलेजला असताना जी प्यायलो ती सगळी लागरच. तिला नावं ठेवू नका, १८४२ साली पिल्झन गावात पहिली सोनेरी पिल्सनर निघाली तिचीच ही लांबची नातवंडं आहेत, आणि चांगली पिल्सनर बनवणं अवघड काम आहे कारण चूक लपवायला जागा नसते. साध्या वरणासारखं आहे ते.

खरेदी आणि जोडणी

पहिल्या बैठकीला चारच बियरी. एक साधी लागर किंवा पिल्सनर, एक गव्हाची, एक पेल एल किंवा आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्स जास्त घातलेली कडवट एल), एक स्टाऊट (भाजलेल्या बार्लीची काळी बियर). चार माणसं धरा आणि प्रत्येकी प्रत्येक बियर १०० मिली. हिशोब सांगतो, ५ टक्केवाल्या चार बियरी १०० मिलीप्रमाणं प्यायला तर पोटात जाणारं शुद्ध अल्कोहोल २० मिली. आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग ६५० ची एक बाटली एकट्यानं मारली तर ५२ मिली. म्हणजे चार प्रकार चाखून सुद्धा आपण अर्ध्याच्या आत असतो, आणि चाखायला शुद्धीत असावं लागतं हे कुणी सांगायला नको.

दुकानात बाटली उलटी करून तारीख बघायची. आयपीए आणि गव्हाची बियर जितकी ताजी तितकी बरी, हॉप्सचा वास पहिल्यांदा उडतो. आणि बाटली कुठं ठेवलेली ते बघा. मी एकदा एका दुकानात काचेच्या शोकेसमधली हिरवी बाटली घेतली, दुकानाचं नाव सांगत नाही, शोकेसवर दुपारभर ऊन. घरी उघडली तर रबर जळल्यासारखा वास. मला वाटलं परदेशी आहे, असाच असेल, आणि चौघांसमोर "युरोपियन कॅरेक्टर" म्हणून भाषण दिलं. नंतर कळलं की उजेडानं हॉप्समधले घटक मोडतात आणि गंधकाचा हा घाण वास तयार होतो, तपकिरी बाटलीत कमी, हिरव्या-पांढऱ्या काचेत लगेच, कॅनमध्ये नाहीच. चौघंजण ते भाषण अजून काढतात.

घरी आणल्यावर बाटल्या उभ्या ठेवा, फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात नको. चाखायच्या वेळी लागर सोडून बाकीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, स्टाऊट वाईच जास्त. बर्फासारख्या थंड बियरला वास येत नाही. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात हे सांगितलं की शिव्या पडतात, मला पडल्या, पण स्टाऊट १०-१२ डिग्रीला प्यायची आणि ३ डिग्रीला प्यायची ह्यात दोन वेगळी पेयं आहेत.

ग्लास काचेचाच. स्टीलचा नको, रंग दिसत नाही. महागडे ट्यूलिप ग्लास नसले तर चहाच्या टपरीवरचे काचेचे ग्लास घ्या, मी अजून तेच वापरतो, पण एक अट, साबणाचा अंश राहता कामा नये. बियर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर समजा ग्लास तेलकट आहे. आदल्या रात्री त्यात तांबडा रस्सा वाढलेला असला तर हमखास.

आणि टेबलावर खायला काय? पाणी, साधा पाव, नुसते कुरमुरे. बास. भडंग नाही, ठेचा नाही, चटणी-भाकरी नाही. आमच्या पहिल्या बैठकीत यजमानानं मोठ्या प्रेमानं लवंगी मिरचीचा ठेचा ठेवला आणि दुसऱ्या ग्लासापासनं कुणालाच काही कळेना, सगळ्याच बियरी नुसत्या झोंबायला लागल्या. मिरचीची आग, हॉप्सचा कडूपणा आणि गॅस, तिघं एकमेकांना चढवतात. सुक्कं मटण नंतर, बैठक संपल्यावर. अगरबत्ती, डिओ, स्वयंपाकघरातली फोडणी हे पण बंद.

ओतायचं, बघायचं, हुंगायचं, मग प्यायचं

क्रम हलक्याकडनं जडाकडं. लागर, गहू, पेल एल, स्टाऊट. उलटं केलं तर आयपीएनंतर लागर पाण्यासारखी लागते आणि बिचारीला उगाच शून्य मार्क.

ग्लास तिरका धरून ओता, अर्ध्यावर आला की सरळ करा, दोन बोटं फेस यायला पाहिजे. फेस वाईट ही आपली बारमधली सवय, "फेस कमी दे" म्हणायची. फेस फुटतो तेव्हाच वास वर येतो. गव्हाच्या बियरच्या बाटलीत तळाला यीस्ट बसलेलं असतं, शेवटचं थोडं हलवून ओतलं की ग्लासात ढग येतो, तो दोष नाही.

बघायला फार वेळ घालवू नका. रंग, गढूळ की नितळ, फेस टिकतो का, एक ओळ.

नाकाला वेळ द्या. ग्लास हलकेच फिरवून दोन-तीन छोटे श्वास, लांब नाही. पहिल्या मिनिटात जे डोक्यात येईल ते लिहून टाका, कितीबी येडं वाटलं तरी. नाक लवकर थकतं, थकलं की आपल्याच बाहीचा वास घ्यायचा, परत जागं होतं. मग घोट, तोंडभर फिरवून गिळा, आणि गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकानं श्वास सोडा. अर्धी चव तिथं मिळते. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला खरंच वाटलं कुणीतरी दिवा लावला. जिभेच्या टोकाला गोड आणि मागं कडू असला नकाशा शाळेत शिकवायचे तो विसरा, जिभेवर सगळीकडं सगळं कळतं. फक्त कडूपणा उशिरा येतो आणि उशिरा जातो, म्हणून दुसरा घोट घ्यायची गडबड नको.

शब्द कुठनं आणायचे

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर वाचून "सिट्रसी, पायनी, बिस्किटी" असलं लिहू नका. पाईनचं झाड आपण किती वेळा हुंगलंय? आपल्या घरातले, रानातले वास वापरा.

माझी बायको बियर फार पीत नाही पण दर मे महिन्यात घरची कांदा-लसूण चटणी करते, तिचं नाक म्हणजे काटा. गव्हाची जर्मन पद्धतीची बियर, हेफेवायझन, तिच्या हातात दिली. काही सांगितलं नव्हतं. हुंगून म्हणाली, "शिकरणात लवंग कुणी टाकली?" आता ह्या बियरमध्ये केळं पण नसतं आणि लवंग पण नसते, दोन्ही वास यीस्ट तयार करतं, आणि जगभरचे जाणकार ह्या बियरला केळं आणि लवंग हेच दोन शब्द लावतात. ती कुठलं पुस्तक वाचायला गेली नव्हती. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बियर, विटबियर, तिच्यात मात्र खरोखर धणे आणि वाळलेली संत्र्याची साल घालतात. धणे कच्चे की भाजलेले हे ओळखायला आपल्याला कोण शिकवणार?

दुसरा किस्सा स्टाऊटचा. आमच्या एका दोस्ताच्या चुलत्यांचं कागलकडं गुऱ्हाळ, स्वतः गुळव्या, उभी हयात चुलवाणापुढं गेली. ते एकदा असेच बसलेले, म्हटलं काका वास तरी घ्या. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, परत नेला आणि म्हणाले, "काकवी हाय, पन करपल्याली. जाळ जास्त झाला की काहिलीच्या कडंला रस धरतो बघ, त्येचा वास." मग एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "आणि ग्वाड तर नाय रं ही!" एका वाक्यात सगळी ड्राय स्टाऊट सांगून टाकली. बार्ली कॉफीच्या बीसारखी काळी होईपर्यंत भाजलेली असते म्हणून करपलेला वास, आणि साखर बहुतेक यीस्टनं खाऊन टाकलेली म्हणून गोडी नाही. मी त्या दिवशी वहीत "रोस्टी, ड्राय फिनिश" लिहिलं होतं. ते खोडलं.

पेल एल आणि आयपीएला मोसंबीची साल चोळल्यावर येणारा वास, कैरी, कधी पिकलेला पेरू, कधी नुसतं ओलं गवत. कडूपणाला आपल्याकडं शब्दांचा तोटाच नाही, मेथीचा कडू वेगळा, कारल्याचा वेगळा, करपलेल्या लसणाचा वेगळा. लेबलवर आयबीयू लिहिलेलं असतं तो कडूपणाचा आकडा, साध्या लागरला १०-२० च्या आसपास, आयपीएला ४० ते ७०, पण माल्टची गोडी जास्त असली तर मोठा आकडा पण मऊ लागतो. माल्टला ताजा पाव, टोस्ट, भाकरीचा पापुद्रा.

दोष पण असेच ओळखा. लोणी डोशावरच्या लोण्यासारखा वास आणि जीभ बुळबुळीत: डायअ‍ॅसिटाईल, यीस्टचं काम अर्धवट राहिलं की येतं. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास: डीएमएस. हिरवं सफरचंद: बियर कच्ची आहे. भिजलेला पुठ्ठा: जुनी झालीय, हवा लागलीय. व्हिनेगर: ब्रूपबमध्ये आला तर बहुतेक नळाची पाईप धुतलेली नाही. फक्त हे शब्द शिकल्या शिकल्या सगळ्यात दोष दिसायला लागतात, मला सहा महिने प्रत्येक बियरमध्ये लोणी यायचं. दुसऱ्या कुणाला येतंय का ते आधी विचारा.

सांगायचं कसं

आधी लिहायचं, मग बोलायचं. सगळे गप्प, पाच मिनिटं, प्रत्येकजण आपल्या वहीत. कारण गटात एक "मी लंडनला प्यायलोय" वाला असतोच, तो "आंबा" म्हणाला की सगळ्यांना आंबा येतो. वाचून दाखवायला सुरुवात सगळ्यात नवीन माणसानं करायची, जाणत्यानं शेवटी.

काय आहे आणि मला आवडलं का, ह्या दोन वेगळ्या ओळी. "कारल्यासारखी कडू, घोट गेल्यावर बराच वेळ राहते. मला नको." हा उत्तम शेरा आहे, ज्याला कारलं आवडतं तो तुमच्या शेऱ्यावरनं ती बियर मागवील. "बेकार" ह्यातनं कुणालाच काही मिळत नाही. आणि जी बियर जशी असायला पाहिजे तशी आहे का ते बघा, स्टाऊटला "काळी आहे" म्हणून मार्क कापणं म्हणजे पांढऱ्या रश्श्याला तिखट नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं.

मार्क द्यायचेच असतील तर बियरच्या स्पर्धांचे परीक्षक वापरतात तो बीजेसीपीचा ५० चा तक्ता आहे: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातली जाणीव ५, एकंदर १०. दिसण्याला फक्त ३ आहेत ते बघा, आणि आपण फोटो काढण्यात दहा मिनिटं घालवतो. पहिल्या दोन बैठकींना मार्क देऊच नका असं माझं मत, आकडा आला की माणूस शब्द शोधायचं सोडतो.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला बाटल्यांना पेपर गुंडाळून नंबर टाका. आमच्यात एकजण दर वेळी इंपोर्टेड बाटली घेऊन यायचा आणि किंमत आधी सांगायचा. पेपर गुंडाळल्यावर त्यानंच स्वतःच्या बाटलीला सगळ्यात खाली टाकलं आणि आपल्याच दुकानातल्या साध्या लागरला वर. तो आठवडाभर बोलला नाही. अजून एक खेळ, तीन ग्लास, दोघांत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कुठली ओळखा. नुसत्या अंदाजानं पण तीनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळं एकदा जमलं म्हणून कॉलर ताठ करू नका, पाच-सहा वेळा करा.

ब्रूपबमध्ये दोष वाटला तर वेटरवर ओरडू नका, त्यानं बनवलेली नाही. "ह्यात लोण्यासारखा वास येतोय, तुम्ही बघता का जरा" एवढं म्हणा. चांगल्या ठिकाणी ब्रूअर स्वतः बाहेर येतो, कधी ग्लास बदलून देतो, कधी ती तशीच का आहे ते समजावतो, आणि त्या दहा मिनिटांत जे कळतं ते वर्षभर वाचून कळत नाही.

आमच्या बैठकीचा शेवटचा नियम: "भारी", "लय भारी", "स्मूथ" आणि "नाद खुळा" ह्या चार शब्दांना प्रत्येकी १० रुपये दंड, श्रीखंडाचा रिकामा डबा टेबलावर असतो. श्रावणात न पिणारा एकजण नुसता वास घ्यायला आणि दंड वसूल करायला येतो, तो कुणाला सोडत नाही. जमलेल्या पैशाची दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. गेल्या खेपेला १४० जमले, त्यातले ६० माझे.